सीमा बदलली की गाईड बदलतो

बेलग्रेडपासून स्कोप्येपर्यंत आमची बस एकच होती, ड्रायव्हर एकच होता आणि मुंबईहून सोबत आलेला टूर मॅनेजरही एकच. बदलत गेले ते गाईड. सर्बिया, बॉस्निया-हर्झेगोविना, क्रोएशिया, मॉन्टेनेग्रो, अल्बानिया, उत्तर मॅसिडोनिया. देश ओलांडला की शहर दाखवायला तिथलाच माणूस बसमध्ये चढायचा. ग्रुप टूरमध्ये देश कळत नाही असं अनेकजण म्हणतात. पॅरिस-रोमच्या बाबतीत ते मलाही पटतं. बाल्कनमध्ये मात्र या पद्धतीनं मला जे दिलं, ते एकटीनं फिरून मिळालं नसतं. एकाच युद्धाबद्दल आधी एका बाजूच्या माणसाकडून ऐकायचं, रात्री झोपायचं आणि दोन दिवसांनी सीमेपलीकडे तेच दुसऱ्या बाजूच्या माणसाकडून ऐकायचं, असा हा प्रवास होता.

बेलग्रेडला कालेमेग्दान किल्ल्याच्या तटावरून सावा नदी डॅन्यूबला मिळताना दिसते. पाणी रुंद आणि संथ, पलीकडे नजर पोचेल तिथवर सपाट प्रदेश. मध्य युरोपचं मैदान इथे संपतं आणि दक्षिणेकडचे डोंगर सुरू होतात. हे टेकाड ज्याच्या हाती, त्याच्या हाती दोन्हीकडची वाट. म्हणून रोमनांनी इथे ठाणं बसवलं, १५२१ साली सुलतान सुलेमाननं ते जिंकलं आणि पुढे ऑस्ट्रियाचे हाब्सबर्ग आणि तुर्क यांच्यात ते कितीदा तरी या हातातून त्या हातात गेलं.

आमच्या गटात बहुतेकजण साठीच्या पुढचे. नेहरू, नासेर, टिटो ही तीन नावं शाळेत एका दमात पाठ केलेली पिढी. त्यामुळे युगोस्लाव्हियाच्या या अध्यक्षाच्या, टिटोच्या, समाधीवर सगळे आपणहून गप्प झाले. या जागेला ‘फुलांचं घर’ म्हणतात. पांढऱ्या संगमरवराची साधी शिळा, तिच्यावर नाव आणि १८९२-१९८० ही सालं, बाकी काही नाही. शेजारच्या दालनात मात्र देशभरातल्या तरुणांनी दर वर्षी २५ मेला, टिटोच्या वाढदिवसासाठी, पळत आणलेले रिलेचे दंड रांगेनं मांडले आहेत. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ मध्ये याच शहरात झाली, नेहरू तिला आले होते. १९८० मध्ये टिटोच्या अंत्ययात्रेला इंदिरा गांधी आल्या होत्या. गाईडबाईंनी हे सांगितल्यावर आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी त्यांना नमस्कार केला, तो कुणाला उद्देशून होता ते त्यांनाच ठाऊक.

सहा प्रजासत्ताकांचा युगोस्लाव्हिया टिटोनंतर अकरा वर्षांनी फुटू लागला. गाईडबाईंचं शिक्षण त्या देशात झालं, संसार दुसऱ्यात. १९९३ च्या महागाईची ५०० अब्ज दिनारांची नोट त्यांनी पर्समधून काढून दाखवली. तिच्यावर एका कवीचं चित्र आहे. पगार हातात पडला की धावत जाऊन मिळेल ते विकत घ्यायचं, कारण संध्याकाळी त्याच पैशात काही येत नसे. मग त्यांनी बस क्नेझ मिलोश रस्त्यावर थांबवून १९९९ मध्ये नाटोनं बॉम्बनं उडवलेली सेनामुख्यालयाची इमारत दाखवली. मजले एकमेकांवर लोंबकळलेले. ७८ दिवस बॉम्बफेक चालली, त्या तळघरात मुलाला कुशीत घेऊन बसायच्या. बोलताना त्यांचा आवाज कापत होता. आधीच्या युद्धाबद्दल, बॉस्नियाबद्दल कुणीतरी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सगळ्याच बाजूंनी वाईट झालं.” आणि लगेच दुपारच्या जेवणाचा विषय काढला. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

सीमा ओलांडून बॉस्नियात शिरल्यावर विशेग्राद लागतं. द्रिना नदीवर अकरा कमानींचा तुर्की पूल आहे, सोळाव्या शतकातला, मिमार सिनान या थोर वास्तुविशारदाचा. तो बांधवून घेणारा मेहमेद पाशा सोकोलोविच हा याच भागातल्या ख्रिस्ती घरातला मुलगा. तुर्की राज्यात मुलगेच कर म्हणून नेत, तसा तो नेला गेला. तिकडे मुसलमान झाला, वाढत वाढत साम्राज्याचा मुख्य वजीर झाला आणि जिथून त्याला नेलं त्या मुलखासाठी त्यानं हा पूल बांधला. ईवो आंद्रिच यांनी याच पुलावर कादंबरी लिहिली, त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. १९९२ मध्ये याच पुलावर बोस्नियाक, म्हणजे मुस्लिम, गावकऱ्यांना आणून मारण्यात आलं आणि प्रेतं नदीत टाकली गेली. पुलावर आज पर्यटक फोटो काढतात. तिथे त्या घटनेची खूण मला दिसली नाही. हे सगळं सांगितलं ते बसमध्ये चढलेल्या सारायेवोच्या गाईडनं, पूल मागे पडल्यावर.

सारायेवो पाहिल्याशिवाय वेढा म्हणजे काय ते समजत नाही. लांबट खोरं, मधून मिल्यात्स्का नावाची उथळ नदी आणि चारही बाजूंना इतके जवळ डोंगर की वरच्या माणसाला खालच्या गल्लीतला माणूस स्पष्ट दिसावा. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, जवळजवळ चार वर्षं, त्या डोंगरांवरून बॉस्नियन सर्ब फौजा शहरावर तोफा आणि बंदुका डागत होत्या. २०१२ मध्ये वेढ्याला वीस वर्षं झाली तेव्हा मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या, मेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक. त्यांत लहान मुलांसाठी छोट्या खुर्च्या होत्या. तोफगोळा जिथे पडून माणसं गेली, तिथे फुटपाथवर उमटलेल्या खड्ड्यांत लाल राळ भरली आहे. लोक त्यांना गुलाब म्हणतात आणि शक्यतो त्यांवर पाय देत नाहीत.

आमचा गाईड तेव्हा नऊ वर्षांचा होता. पाणी आणणं हे घरातलं त्याचं काम. शहरातल्या बिअरच्या कारखान्याखाली झरे आहेत, तिथल्या नळावर रांग लागायची, आणि रांग लांब झाली की वरून गोळे यायचे. विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात होता, त्याच्या धावपट्टीखालून शहरवासीयांनी १९९३ मध्ये साधारण ८०० मीटरचं भुयार खणलं. पीठ, औषधं, शस्त्रं, जखमी, सगळं त्यातून वाकून न्यायचं. त्याचा थोडासा भाग आता पाहता येतो. आमच्यातले गुडघे दुखणारेही त्यातून गेले, कुणीच वर थांबलं नाही.

याच शहरात लॅटिन पुलाच्या कोपऱ्यावर २८ जून १९१४ रोजी गावरिलो प्रिन्सिपनं ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. बेलग्रेडला एका बागेत प्रिन्सिपचा पुतळा पाहिला होता, २०१५ साली उभारलेला. तिथल्या गाईडबाईंनी त्याला स्वातंत्र्यवीर म्हटलं होतं. इथे युगोस्लाव्हियाच्या काळात फुटपाथवर त्याची पावलं कोरलेली होती, ती युद्धात काढून टाकली गेली. आता फक्त घटना काय घडली ते सांगणारी पाटी आहे. “तो वीर की खुनी?” असं एकानं विचारलं. गाईड म्हणाला, “तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात त्यावर आहे.” तो हे गंभीरपणे सांगत होता. बॉस्नियात मुलांची इतिहासाची पुस्तकं खरोखरच वेगवेगळी आहेत.

पण हे शहर नुसतं दुःखाचं नाही. बाश्चार्शिया या जुन्या बाजारात तांबटांची आळी अजून ठोकाठोक करत बसलेली असते. तांब्याच्या छोट्या भांड्यातून कॉफी येते, सोबत साखरेचा खडा आणि रहात लोकुम या मिठाईचा चौकोन. आमच्या शाकाहारी मंडळींची तर इथे चंगळ झाली. पातळ पारीच्या गुंडाळ्या भाजून केलेल्या पिट्यांत पालकाची झेल्यानित्सा, बटाट्याची क्रोम्पिरूशा, चीजची सिरनित्सा असे प्रकार मिळतात. बुरेक हे नाव बॉस्नियात फक्त मांसाच्या पिट्याचं, हे एकदा कळलं की ताटात चूक होत नाही. राष्ट्रीय संग्रहालयात चौदाव्या शतकातली ज्यू हग्गादा पोथी आहे. स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू ती घेऊन निघाले, पुढे ती सारायेवोत पोचली आणि दुसऱ्या महायुद्धात देर्विश कोर्कुत या मुस्लिम ग्रंथपालानं नाझींपासून ती लपवून वाचवली. मशीद, सिनेगॉग, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक चर्च, चौघांच्या मधलं अंतर चालत काही मिनिटांचं.

१९९५ च्या डेटन करारानं युद्ध थांबलं, पण देश ज्या रीतीनं चालतो ती रीत ऐकून आमच्यातले निवृत्त सरकारी अधिकारीही चक्रावले. देशाचे दोन भाग, शिवाय एक वेगळा जिल्हा. राष्ट्राध्यक्ष तीन, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, आणि दर आठ महिन्यांनी अध्यक्षपदाची पाळी बदलते. सिगारेटच्या पाकिटावर ‘धूम्रपानानं मृत्यू होतो’ हा इशारा तीन अधिकृत भाषांत छापतात, आणि त्यांतल्या दोन ओळी अक्षर न अक्षर सारख्या असतात. तिसरी सिरिलिक लिपीत. गाईडच्या मते करारानं बंदुका थांबवल्या आणि त्या क्षणीच्या रेषा कायमच्या गोठवल्या. मला त्याचं म्हणणं पटलं, पण त्या रेषांच्या आत गेली तीस वर्षं पुन्हा युद्ध झालं नाही, हेही खरं.

मोस्तारला नेरेत्वा नदीचं पाणी इतकं हिरवं आहे की पहिल्यांदा पाहताना ते रंगवल्यासारखं वाटतं. १५६६ चा एका कमानीचा पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट फौजेनं गोळे मारून पाडला. आधीच्या वर्षी क्रोएट आणि बोस्नियाक एकत्र लढत होते. त्याच जातीचा स्थानिक दगड वापरून, जुन्याच पद्धतीनं, तो २००४ मध्ये पुन्हा बांधला. गावातली पोरं पूर्वीसारखीच त्यावरून, वीसेक मीटर उंचीवरून, थंडगार पाण्यात उड्या मारतात, आधी टोपी फिरवून पैसे गोळा करतात. पुलाजवळ दगडावर ‘९३ विसरू नका’ असं लिहिलं आहे. समोर डोंगरावर, क्रोएट वस्तीच्या बाजूला, भलामोठा क्रूस उभा केला आहे. शहरातल्या जुन्या जिम्नॅशियमच्या एकाच इमारतीत दोन अभ्यासक्रम चालतात, बोस्नियाक मुलांसाठी एक, क्रोएट मुलांसाठी दुसरा. पूल दगडाचा होता म्हणून परत बांधता आला, असं तिथली गाईड म्हणाली.

समुद्राकडे उतरताना भूगोलातली एक गंमतशीर गाठ लागते. क्रोएशियाचा किनारा सलग नाही, मध्ये न्यूम या गावापाशी वीसेक किलोमीटरचा तुकडा बॉस्नियाचा आहे. कारण १६९९ चा कार्लोविट्झचा तह. तेव्हा दुब्रोव्हनिक हे स्वतंत्र प्रजासत्ताक होतं आणि त्याला तुर्कांपेक्षा व्हेनिसची भीती जास्त होती. व्हेनिसची हद्द आपल्या हद्दीला भिडू नये म्हणून दुब्रोव्हनिकनं मधली पट्टी आपण होऊन तुर्कांना दिली. तीनशे वर्षांनी त्या सावधगिरीमुळे क्रोएशियाला आपल्याच एका भागातून दुसऱ्या भागात जायला दोनदा पासपोर्ट दाखवावा लागू लागला. शेवटी युरोपीय संघाच्या पैशांनी आणि चिनी कंपनीच्या हातांनी समुद्रावरून पेल्येशाचचा पूल झाला, २०२२ मध्ये. आमची बस त्यावरूनच गेली.

दुब्रोव्हनिकबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात आणि ते खरे आहेत. गर्दीही तितकीच खरी आहे. मला भावली ती त्या छोट्या राज्याची अक्कल. १३७७ मध्ये साथीच्या मुलखातून आलेल्यांना महिनाभर बाहेर ठेवण्याचा कायदा त्यांनी केला, १४१६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. राज्यप्रमुख एका महिन्यापुरताच निवडत, म्हणजे कुणाचं डोकं फिरायला वेळच नको. शहराचा रक्षक संत व्लाहो. याच संताच्या नावाचं, साव ब्रासचं, चर्च ओल्ड गोव्याजवळ गवंडाळीला आहे. ते सोळाव्या शतकात तिथे गेलेल्या दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांनी बांधलं, असं काही क्रोएशियन अभ्यासक मानतात. सगळ्या इतिहासकारांना ते मान्य नाही. आमच्या गाईडला मात्र गोव्याचं नाव पाठ होतं. १९९१ च्या वेढ्यात शहरावर तोफगोळे पडले, ते टाकणाऱ्या सैन्यात मॉन्टेनेग्रोचे लोक होते, हे सांगून तो म्हणाला, “उद्या तुम्ही त्यांच्याकडेच चाललाय, विचारा त्यांना.”

आम्ही खरंच विचारलं. मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरची गाईड तरुण मुलगी होती. ती म्हणाली, “आमच्या अध्यक्षांनी २००० साली त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. माझे वडील तिकडे पाठवले गेले होते. ते त्यावर कधीच बोलत नाहीत.” सगळ्या प्रवासात आपल्या बाजूचा दोष मान्य करणारं हे एवढंच बोलणं कानावर पडलं. म्हणून कोटोरचं ते विलक्षण आखात, काळे डोंगर थेट पाण्यात उतरलेले, तट कडा चढून गेलेला, या सगळ्याच्या आधी मला ती मुलगी आठवते. पेरास्तसमोर पाण्यात एक छोटं बेट आहे, माणसांनी दगड टाकून केलेलं. दर वर्षी २२ जुलैला गावकरी होड्यांतून जाऊन अजूनही तिथे दगड टाकतात, बेट खचू नये म्हणून.

अल्बानियात शिरताना श्कोडरला रोझाफा किल्ला लागतो. तिथल्या गाईडनं सांगितलेली कथा अशी. तीन भाऊ किल्ला बांधत होते, दिवसा बांधलेली भिंत रात्री पडायची. बळी दिल्याशिवाय भिंत उभी राहणार नाही असं कळलं. उद्या जेवण घेऊन जी सून येईल तिला चिणायचं ठरलं. थोरल्या दोघांनी आपापल्या बायकांना सावध केलं, धाकट्यानं शब्द पाळला. त्याची बायको भिंतीत उभी राहिली; एवढंच म्हणाली, की एक स्तन, एक हात, एक पाय बाहेर ठेवा, माझ्या बाळाला पाजायचं, थोपटायचं, पाळणा हलवायचाय. बसमधल्या बायकांना शिळासप्तमीची कहाणी आठवली. तळ्याला पाणी लागेना म्हणून सुनेचा थोरला मुलगा बळी मागितला जातो, ती आटपाट नगराची. हाच किल्ला आणि हीच कथा सर्बियन लोकगीतातही आहे, तिथे किल्ला बांधणारे भाऊ सर्ब आहेत. ग्रीसमध्ये किल्ल्याऐवजी पूल आहे. कथा कुणाची यावर इथे विद्वानांत वाद आहेत. चिणली जाते ती सगळीकडे धाकट्याची नाहीतर कारागिराची बायकोच.

अल्बानिया युगोस्लाव्हियात कधीच नव्हता. एन्व्हर होजा यांनी १९४४ ते १९८५ राज्य केलं. आधी युगोस्लाव्हियाशी, मग सोव्हिएत संघाशी, मग चीनशी संबंध तोडले, १९६७ मध्ये सगळे धर्म बंद केले. शत्रू कुठूनही येईल म्हणून देशभर काँक्रीटचे घुमटाकार बंकर बांधले, पावणेदोन लाखांच्या आसपास. शेतात, समुद्रकाठी, शाळेशेजारी, ते अजून आहेत. काहींत कोंबड्या, काहींत कॉफीची टपरी. १९९१ पर्यंत खासगी मोटार ठेवायला परवानगी नव्हती. आज तिरानातली वाहतूक पाहून ते खरं वाटत नाही. सरकारी बंकरांचं संग्रहालय झालं आहे, छळ झालेल्यांची नावं भिंतीवर आहेत. पण त्याच देशात दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना लोकांनी घराघरांत लपवलं. युद्धाच्या शेवटी तिथे ज्यूंची संख्या सुरुवातीपेक्षा जास्त होती. दिलेला शब्द आणि दारी आलेला पाहुणा, यांपुढे तिथे दुसरं काही मोठं नाही.

तिरानाच्या गाईडला मी १९९९ बद्दल विचारलं. बेलग्रेडचं तळघर माझ्या डोक्यात होतं. तो म्हणाला, त्या वसंतात सर्बियाच्या तेव्हाच्या कोसोवो प्रांतातून चार लाखांहून अधिक माणसं हाकलली जाऊन अल्बानियात आली. गाईडच्या दोन खोल्यांच्या घरात अकरा परकी माणसं राहत होती. नाटोच्या विमानांचा आवाज आला की ती टाळ्या वाजवायची. तीच विमानं. मी वहीत बेलग्रेडच्या वाक्याखाली हे लिहिलं आणि दोन्हींपैकी काहीच खोडता आलं नाही.

उत्तर मॅसिडोनियात ओह्रिदच्या तळ्याकाठी मात्र गाईड फार बोलला नाही, तेच बरं झालं. दहा लाख वर्षांहून जुनं, जवळपास तीनशे मीटर खोल असं हे पाणी आहे. नवव्या-दहाव्या शतकात संत क्लेमेंट आणि नाउम यांनी इथे स्लाव्ह भाषेत शिकवलं, लिहिलं. इथे माशांच्या खवल्यांच्या लेपानं मोती बनवतात, कृती मोजक्या घराण्यांतच राहिली आहे. आमच्या ड्रायव्हरनं इथेच सैन्यात सक्तीची सेवा केली होती. बॉस्नियाचा माणूस, पण युगोस्लाव्ह सैन्यात मुलांना मुद्दाम आपल्या प्रजासत्ताकाबाहेर पाठवत. त्यानं आम्हाला मातीच्या परातीत भाजलेल्या घेवड्याचं, तावचे ग्रावचेचं, दुकान दाखवलं आणि मालकाशी तासभर गप्पा मारल्या.

सप्टेंबर होता. स्कोप्येच्या वाटेवर गावागावांत अंगणात लाल मिरच्या भाजायचा खमंग वास येत होता. हिवाळ्यासाठी मिरच्यांची ऐवार ही चटणी करायचा हा हंगाम, आपल्याकडच्या उन्हाळी वाळवणासारखा, सगळं घर कामाला. स्कोप्ये २६ जुलै १९६३ च्या भूकंपात कोसळलं, हजाराहून अधिक माणसं गेली. जुन्या स्टेशनवरचं घड्याळ पाच वाजून सतरा मिनिटांवर थांबलं आहे. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंचे देश मदतीला धावले, जपानच्या केन्झो तांगे यांनी शहराच्या मध्यभागाचा आराखडा केला, पिकासोनं संग्रहालयाला चित्र दिलं. त्या शहराच्या मधोमध २०१० नंतर सरकारनं पुतळ्यांचा आणि खोट्या खांबांच्या इमारतींचा पूर आणला. घोड्यावरच्या प्रचंड योद्ध्याला ग्रीसच्या आक्षेपामुळे अलेक्झांडर म्हणायचं टाळलं. मला तो चौक मुळीच आवडला नाही. मदर तेरेसांचा जन्म याच शहरात, १९१० मध्ये, एका अल्बानियन घरात झाला. त्यांच्या स्मारकातल्या पाहुण्यांच्या वहीत आमच्या सगळ्यांची नावं आहेत.

ग्रीसशी समेट व्हावा म्हणून या देशानं २०१८ च्या करारानं नावाआधी ‘उत्तर’ लावलं. युरोपीय संघात जायला २००५ पासून तो रांगेत आहे, ग्रीसचा अडथळा संपल्यावर बल्गेरियानं अडवलं. २००२ मध्ये लोकसंख्या वीस लाखांवर होती, २०२१ मध्ये साडेअठरा लाखांच्या आत आली. गाईड तिशीतला, वास्तुविशारद, संध्याकाळी जर्मनचा क्लास. बहीण जर्मनीत नर्स. ऐकता ऐकता मी मागचं आठवत होते: बेलग्रेडच्या बाईंचा मुलगा व्हिएन्नात, सारायेवोच्या गाईडचा भाऊ स्वीडनमध्ये, तिरानाच्या गाईडचे दोन काका इटलीत. युद्धाबद्दल कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, देश सोडून जाण्याबद्दल मात्र सगळे एकच सांगत होते.

“आणि आई-वडील?” नाशिकच्या काकूंनी त्याला विचारलं. वडील घर सोडायला तयार नाहीत, तो म्हणाला, मिरच्या कोण भाजणार म्हणतात. मग त्यानं उलट विचारलं, तुमची मुलं कुठे असतात? बसमधून उत्तरं आली. टेक्सास. म्युनिक. सिडनी. पुण्यातच, पण बाणेरला. म्युनिक म्हटल्यावर तो लगेच वळला आणि काकूंना मुलाच्या घरभाड्यापासून व्हिसाच्या अटींपर्यंत सगळं विचारू लागला. काकूंनी मुलाला फोन लावून दिला.